अप्पांचा मेंदू आणि पुण्याची पुस्तिका

मेडिकल कॉलेजातले लोक मला 'इंजिनिअर मॅडम' म्हणत आणि इंजिनिअरिंग कॉलेजात माझा उल्लेख 'त्या मेंदूवाल्या बाई' असा होई. दोन्हीकडे सूर मात्र एकच असे. लग्नाच्या पंगतीत कुणी अनोळखी माणूस जेवायला बसला की यजमान जसे आपसांत विचारतात, 'हे कोणाकडचे?', तसा. माझी सगळी नोकरी या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. उरलेल्या वेळात मी थोडं संशोधन केलं.

आमचं घर म्हैसूरच्या शिवरामपेठेत. अप्पा कोट शिवायचे. आमच्यापैकी कोण, कधी आणि का इकडे आलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. देव्हाऱ्यात विठोबा आहे आणि घरात मराठी आहे, एवढाच काय तो पुरावा. भाषेप्रमाणे राज्यं वाटली गेली तेव्हा अप्पा तरुण होते. अशी वाटणी केल्यावर आमच्यासारखे काही लोक शिल्लक राहतील, याचा विचार करायला सरकारला सवड झाली नसावी. सोलापूरचे नातेवाईक आम्हाला 'कानडी' म्हणत आणि शेजारी 'मराठीवाले'. अप्पांना दोन्हींचा राग नव्हता. त्यांना राग यायचा तो फक्त वाकड्या काजाचा.

मी इलेक्ट्रॉनिक्सला गेले, कारण त्या वर्षीच्या यादीत माझ्या नावापुढे तेच छापून आलं होतं. याहून उदात्त कारण मी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं, ते खोटं होतं. शिकून झाल्यावर म्हैसूरच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी एका मोठ्या हॉस्पिटलातून आमच्या विभागप्रमुखांना फोन आला की मेंदूचा आलेख काढायचं यंत्र बिघडलंय, कुणीतरी पाठवा. विभागप्रमुख मला म्हणाले, "तुम्ही जा. तुम्हाला तास कमी आहेत." विभागात सगळ्यांत जास्त तास मलाच होते.

ते यंत्र म्हणजे एक गाडा होता. पेशंटच्या डोक्याला तारा लावायच्या आणि गाड्यावरच्या लेखण्या सरकत्या कागदावर रेघा काढायच्या. मेंदूचे मोठे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले, "गेल्या आठवड्यापासून सगळ्यांचे मेंदू एकसारखे चालतायत." कागदावर खरोखरच बारीक, दाट, एकसारखी लाट होती. मी पेशंटच्या डोक्याच्या तारा काढल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या मोसंबीला लावल्या. मोसंबीचा मेंदूही तसाच चालत होता. झाडलोट करताना भिंतीमागची अर्थिंगची तार निखळली होती, आणि लेखण्या आठवडाभर इमानेइतबारे पंख्याची आणि दिव्यांची वीज लिहून काढत होत्या. मी तार जोडली. पेशंटला पुन्हा तारा लावल्यावर रेघा संथ झाल्या, वेगवेगळ्या झाल्या. त्याला डोळे मिटायला सांगितलं तर डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघा अचानक लयीत हलायला लागल्या. मी विचारलं, "ही रेघ काय म्हणतेय?"

"ते आमचं," डॉक्टर प्रेमानं म्हणाले. "तुम्ही वायर बघा."

काहींना थोर गुरूच्या आशीर्वादानं आयुष्याची दिशा सापडते. मला या वाक्यानं सापडली.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक दोन घ्यावे लागले. एकांना मेंदूची भीती होती, दुसऱ्यांना गणिताची. दोघांची संयुक्त बैठक एकदाच झाली, तीत त्यांनी एकमेकांच्या मुलांच्या लग्नांविषयी मनमोकळी चर्चा केली. प्रबंध मंजूर झाला, कारण इंजिनिअरिंगच्या परीक्षकांना वाटलं की मेडिकलच्यांनी वाचला असणार आणि मेडिकलच्यांना वाटलं की इंजिनिअरिंगच्यांनी. पुढे मला प्रयोगशाळाही मिळाली. जुने ड्रॉइंग बोर्ड ठेवायची कँटीनमागची खोली ती. इडलीच्या वाफेनं भिंतींचे पोपडे पडत, पण एकांत होता. दोन्हीकडचं कुणीही तिकडे फिरकत नसे.

त्या खोलीतला एकच शोध वर्तमानपत्रात छापून आला. म्हैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेले एक परदेशी गृहस्थ, आपलं मन स्थिर झाल्याचा छापील दाखला मिळतो का विचारत आले. मी तारा लावल्या, ते डोळे मिटून बसले. दहा मिनिटांत आलेखावर स्वच्छ, सुरेख झोप दिसायला लागली, पुढे पुढे घोरणंही ऐकू आलं. प्रिन्सिपॉलना कुठून कळलं देव जाणे, ते फोटोग्राफरला घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी बातमी आली की आमच्या कॉलेजात समाधीचं मोजमाप झालं. मी प्रिन्सिपॉलना सांगायला गेले की ते झोपले होते. ते म्हणाले, "मॅडम, झोप पण शांतच असते ना?"

अशी बरी वर्षं चालली होती, आणि अप्पांना लकवा झाला.

सकाळी दुकानात गिऱ्हाईकाच्या छातीचं माप घेताना त्यांच्या उजव्या हातातून टेप गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. त्याच हॉस्पिटलात नेलं. एव्हाना मोठ्या डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते आणि मी यंत्र दुरुस्त करणारी म्हणून घरच्यासारखी झाले होते. अप्पांना खिडकीजवळची खाट मिळाली. माझ्या विद्वत्तेचा घरच्यांना झालेला पहिला फायदा तो.

तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागले. मी धावत गेले तर केसपेपरवर एका तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'बोलणं निरर्थक.' मी खाटेजवळ उभी राहिले. अप्पा नर्सला सांगत होते, "ही उशी जरा वर घे की गं. मान अवघडली." नर्स कन्नडमधून मला म्हणाली, "बघा, सकाळपासून असंच काहीतरी बडबडतायत."

मी तरुण डॉक्टरांना म्हटलं, "अहो, हे मराठी आहे."

"असं?" ते म्हणाले. एखादा नवा आजार कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी 'निरर्थक' खोडलं आणि त्या जागी 'मराठी' लिहिलं. उशी मीच वर घेतली.

मोठ्या डॉक्टरांना हे कळल्यावर वाईट वाटलं. अप्पांची भाषा नीट तपासायला त्यांनी एका बाईंना बोलावलं. त्या वाचा-उपचार करायच्या, मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमला राहायला आल्या होत्या. त्यांच्याकडे मराठीतली छापील चाचणी होती. चित्रांची पुस्तिका, मागे गुणांचा तक्ता. माझा जीव भांड्यात पडला. तक्ता दिसला की इंजिनिअरला धीर येतो.

बाईंनी पहिलं चित्र दाखवलं. छत्री.

"आजोबा, हे काय आहे?"

"कोडे," अप्पा म्हणाले.

"कोडं नाही हो, सोपं आहे. नीट बघा बरं."

"कोडे," अप्पा जरा जोरात म्हणाले. बाईंनी तक्त्यात फुली मारली. कन्नडमध्ये छत्रीला कोडेच म्हणतात आणि आमच्या घरात छत्री हा शब्द कुणी वापरत नाही, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. मी त्या फुलीकडेच बघत राहिले.

पुढचं चित्र पालीचं होतं.

"हल्ली," अप्पा म्हणाले.

बाई वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "हल्ली काय, आजोबा?"

"हल्ली की. भिंतीवर असते." अप्पा माझ्याकडे वळले. या बाईंना पाल माहीत नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं. आणखी एक फुली. पेल्याला ते लोटा म्हणाले, फुली. मग वाक्यं आली. बाई पाणी ओततेय असं चित्र होतं. "काल काय झालं ते सांगा," बाई म्हणाल्या.

"बाई पाणी ओतली."

"बाईनं पाणी ओतलं," बाईंनी हळुवारपणे सुधारलं.

"तेच की मी सांगितलो," अप्पा म्हणाले.

तासाभरानं बाई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. त्या मनानं फार चांगल्या होत्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलल्या. "व्याकरण जवळजवळ गेलंय हो. 'ने' लागतच नाही. क्रियापद कशाशी जुळवायचं तेही कळत नाहीये. शब्दांची अदलाबदल होतेय. मध्यम ते तीव्र म्हणावं लागेल." तक्त्याखाली आकडा होता, तो त्यांनी मला दाखवला. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी शिकवत आले की यंत्रानं आकडा दिला तर आधी यंत्र तपासा. तो आकडा बघून मात्र मी रडत घरी गेले.

आई स्वयंपाकघरात ताकाला फोडणी देत होती. मी म्हटलं, "आई, अप्पांचं मराठी गेलं."

"कुठं गेलं?" आई वळली. "सकाळी मला मस्त शिव्या दिले की."

"शिव्या वेगळ्या असतात आई, त्या मेंदूत दुसऱ्या ठिकाणी…"

"ते मला नाही माहीत. शिव्या दिले. पण कन्नडात दिले. इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्याशी कधी कन्नड बोलले नव्हते." एवढं बोलून ती कढीकडे वळली.

खरं तर शोध तिथंच लागला होता. पण तो लावणाऱ्या व्यक्तीच्या हातात पळी होती आणि मी पीएच.डी. होते, त्यामुळे माझ्या ते लक्षात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त 'शिव्या दिले' घुमत होतं. दिले? दिल्या नाही? मी पुस्तिकेची झेरॉक्स काढून आणली होती. पालीचं चित्र आईपुढे धरलं.

"हल्ली," आई म्हणाली. "ई! ते तोंडासमोर का धरतेस?"

मी पूर्ण चाचणी घेतली. आई नापास. मध्यम ते तीव्र. संध्याकाळी काका आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, घरात सगळ्यांत शुद्ध मराठी त्यांचं असा सर्वांचा समज. तेही नापास. आमच्या विठ्ठल मंदिरात दर गुरुवारी भजन असतं. मी पुस्तिका घेऊन तिथं गेले आणि भजनाआधी एकेकाला कोपऱ्यात बसवलं. पुस्तिकेच्या हिशेबानं आमच्या अख्ख्या भजनी मंडळाला लकवा झालेला होता, आणि ते सगळे टाळ घेऊन शांतपणे पखवाजवाल्याची वाट बघत बसले होते.

मी पुण्याच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तिकेची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पण हे चूकच आहे ना. 'बाई पाणी ओतली' हे चूकच आहे."

"चूक असेल. आजार नाहीये."

"तुम्ही तर नीट बोलता की."

"मी पुस्तकं वाचून शिकले. आणि परवा तुम्हाला मी फोन केली तेव्हा…"

"केला," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. मला ते यायला आणखी थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी त्या शिवरामपेठेत आमच्या घरी आल्या. आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, प्रत्येक वस्तूला आम्ही काय म्हणतो ते वहीत उतरवून घ्यायला लागल्या. आईला वाटलं, बाईंना मराठी येत नाही. ती त्यांना अगदी प्रेमानं, एकेक शब्द तोडून शिकवत होती. ताट पुढे धरून म्हणे, "हे तट्टे. म्हणा, तट्टे." बाई म्हणत होत्या. निघताना त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं? आजोबांच्या बोलण्यात काय बदललंय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. आई म्हणाली, "बोलतात बरोबर. माणूस चुकतं त्यांचं."

मग आम्ही दोघी हॉस्पिटलात एक पूर्ण दिवस वही घेऊन अप्पांजवळ बसलो. आईचा शब्दन् शब्द खरा निघाला. नर्सशी अप्पा मराठी बोलत होते. आईशी कन्नड. भेटायला आलेल्या दुकानाच्या मालकांना, जे अस्सल म्हैसूरचे कन्नड गृहस्थ, त्यांनी पाच मिनिटं मराठीत प्रकृतीचं वर्तमान दिलं. वाक्यं ठीक, शब्द ठीक, समोरच्या माणसाला मात्र त्यातलं अक्षर कळत नव्हतं. हेच अप्पा पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत त्याची भाषा ओळखत. कन्नड, मराठी, उर्दू, तमिळ, जो येईल त्याचं माप त्याच्या भाषेत घेत. इजा झाली होती ती तिथं. समोर कोण आहे हे बघून भाषेचा दरवाजा उघडणारं जे काही डोक्यात असतं, ते बिघडलं होतं. पुस्तिकेला ते दिसणं शक्य नव्हतं, कारण पुस्तिकेला एकच भाषा येत होती.

मी अप्पांना माझ्या कँटीनमागच्या खोलीत नेऊन त्यांचा आलेख काढायचं ठरवलं. एव्हाना गाडा जाऊन संगणक आला होता आणि सुट्या तारांऐवजी तारा बसवलेली कापडी टोपी परदेशातून मागवली होती. अप्पांचं डोकं लहान. टोपी मागून फुगत होती, तारा टेकत नव्हत्या, पडद्यावर नुसता कचरा. मी घामाघूम. अप्पांनी डावा हात मागे नेऊन टोपी चाचपली आणि पुण्याच्या बाईंना कन्नडमध्ये कडक आवाजात विचारलं, "यारु होलिदद्दु इदु?" हे शिवलं कुणी?

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जर्मनीत शिवलंय अप्पा."

अप्पांनी जर्मनीविषयी जे उद्गार काढले ते मी आलेखात नोंदवले नाहीत. उजवा हात चालत नव्हता म्हणून त्यांनी आईला सुईदोरा घ्यायला लावला. मागे दोन टक्स घाल, इथून, एवढ्या अंतरावर, असं डाव्या हाताच्या बोटांनी दाखवत, कन्नडमध्ये ओरडत. आई मराठीत उलट उत्तरं देत शिवत होती. अर्ध्या तासात टोपी कवटीला कातड्यासारखी बसली. पडद्यावर रेघा स्वच्छ आल्या. इतका स्वच्छ आलेख मी त्याआधी काढला नव्हता.

टोपीला टक्स का घातले हे मी नंतर कंपनीला सविस्तर लिहिलं. टोपी धुताना कोमट पाणी वापरावं, असं त्यांचं उत्तर आलं.

आम्ही दोघींनी या सगळ्यावर निबंध लिहिला. मेडिकलच्या नियतकालिकानं परत पाठवला. लेखकांत डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगच्या नियतकालिकानं परत पाठवला. समीकरणं पुरेशी नाहीत. मी आणखी दोन समीकरणं घातली, त्यांची गरज नव्हती, निबंध छापला गेला. आभारांत मी आईचं नाव घातलं होतं. पदोन्नतीच्या मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी त्यावर बोट ठेवलं.

"या कोणत्या संस्थेत असतात?"

"घरी," मी म्हटलं. पदोन्नती त्या वर्षी झाली नाही. त्यांच्या मते मी इंजिनिअरिंग केलंच नव्हतं. मेडिकल कॉलेजात विचारून बघावं, असं त्यांनी सुचवलं. मी विचारून बघितलं. मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्यांनी अगत्यानं चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "आलाच आहात तर ते मशीन जरा बघता का?"

पुढे काही वर्षांनी वरून परिपत्रक आलं, की प्रत्येक कॉलेजानं दोन शास्त्रांना जोडणारं संशोधन दाखवावं. आठवडाभरात माझ्या खोलीला रंग लागला. इंजिनिअरिंगचे विभागप्रमुख पाहुण्यांना सांगायला लागले की मॅडमना आम्ही पहिल्यापासून पाठिंबा दिला. मेडिकलवाले त्यांच्या पाहुण्यांना तेच सांगायचे. एकदा दोन्हीकडचे पाहुणे एकाच दिवशी आले आणि माझ्या दारात कुणी आधी आत जायचं यावर खोळंबले. मला प्राध्यापकपद मिळालं. ऑर्डरवर विभागाच्या रकान्यात कारकुनानं काय लिहावं हे न कळून दोन्ही लिहिलं, आणि मग जागा पुरेना म्हणून दोन्हीही अर्धवट.

पुण्याच्या बाईंनी आमच्याकडच्या मराठीसाठी वेगळी पुस्तिका तयार केली. नंजनगूडहून गाडीनं येणारे, म्हैसूरच्या जुन्या गल्ल्यांतले, असे कितीतरी मराठी पेशंट ती वापरून त्यांनी तपासले. तीत प्रत्येक चित्राला दोन-दोन, तीन-तीन उत्तरं बरोबर धरली जातात. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी उठून म्हणालं की अशानं मराठीचं वाटोळं होईल. बाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा शिवरामपेठेत जेवायला या." आता त्या स्वतःही फोन 'केली' म्हणतात आणि वर माझ्यावर ढकलतात.

अप्पांचा हात थोडा सुधारला. कोट शिवणं पुन्हा जमलं नाही, पण दुपारी ते दुकानात जाऊन बसत आणि इतरांच्या शिवणीतल्या चुका काढत, हे काम त्यांना शिवण्यापेक्षा बरं मानवलं. भाषेचं आईनं आपल्या पद्धतीनं बघितलं. ती शेजारी स्टुलावर बसे आणि गिऱ्हाईक आत आलं की हळूच म्हणे, "कन्नड हं," किंवा "आपले लोक हं." अप्पा मान डोलवत आणि बहुतेक वेळा बरोबर दरवाजा उघडत. आई कधी देवळात गेली असेल तर चुकत. मग जुनी गिऱ्हाइकंच चालवून घेत. एक कन्नड मास्तर तर मराठीत मापं सांगायला शिकले होते, छाती, कंबर, बाही, सगळं.

आईशी मात्र ते शेवटपर्यंत कन्नडच बोलले. आई मराठीत उत्तर देई. मी एकदा तिला विचारलं, याचा त्रास नाही होत का?

"त्रास कसला?" ती म्हणाली. "कन्नडात ते मला 'तू' नाही म्हणत. गिऱ्हाइकाला देतात तसा मान देऊन बोलतात की."